कण बाटलीबाहेर पडल्यावर: नॅनोमटेरियल्समध्ये पीएचडी करावी का?

प्रश्न थोडक्यात असा: “मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आहे. पीएचडीसाठी गाइडनी विषय सुचवलाय – वनस्पतीच्या अर्कापासून धातूचे नॅनोकण आणि त्यांचा औषध, शेती व जलशुद्धीकरणात उपयोग. वडील शेतकरी आहेत. ते म्हणतात, नॅनो युरियाच्या बाटलीने आपल्या गव्हाचं काही झालं नाही, मग तुझं नॅनो काय करणार? या क्षेत्रात खरंच कामाचं काही होतं का, की नुसते पेपर छापले जातात? विषय घेऊ का?”

क्षेत्रात कामाचं बरंच आहे. सुचवलेला विषय मात्र आहे तसा घेऊ नका. ‘एक कण, तीन उपयोग’ असं ज्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, असतं त्यातून बहुतेक वेळा एकही उपयोग हाती लागत नाही. तुमच्या वडिलांनी शेतात जे पाहिलं त्याचं कारणही बऱ्याच अंशी हेच आहे. कण तयार करणं हा या कामाचा सोपा भाग. तो रक्तात, मातीत किंवा विहिरीच्या पाण्यात गेल्यावर त्याचं काय होतं हे शोधणं अवघड, आणि संशोधन तिथे आहे. आपल्याकडच्या प्रबंधांत पहिल्या भागावर चार प्रकरणं असतात आणि दुसऱ्यावर शेवटची दोन पानं.

आधी कण लहान असण्याने काय फरक पडतो ते बघू. एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा ठोकळा घ्या. त्याचं पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे दहा नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) बाजूचे ठोकळे केले तर तेवढ्याच धातूचं पृष्ठफळ सहाशे चौरस मीटर होतं. नॅनोकणाची बहुतेक करामत या पृष्ठभागावर चालते आणि त्याची अडचणही तिथूनच सुरू होते. एवढा उघडा पृष्ठभाग मोकळा राहत नाही. समोर जे येईल ते त्याला चिकटतं, आणि काहीच नसलं तर कण एकमेकांना चिकटतात.

नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यात सोन्याचा कोलॉइड, म्हणजे सोन्याचे नॅनोकण तरंगत असलेलं पाणी, करायला लावते. क्लोरोऑरिक आम्लाच्या उकळत्या, फिकट पिवळ्या द्रावणात सोडियम सायट्रेट टाकायचं. टर्केविच यांनी १९५१ साली मांडलेली ही पद्धत आजही सगळ्यात भरवशाची. पिवळा रंग जातो, मग काळपट जांभळी छटा येते आणि काही मिनिटांत द्रावण गडद लाल होतं. यूव्ही-व्हिजिबलवर, म्हणजे प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर, ५२० नॅनोमीटरच्या आसपास सुरेख शिखर येतं. मुलं फोटो काढतात. मग मी त्यांना एका परीक्षानळीत थोडा कोलॉइड घेऊन त्यात मिठाचं पाणी घालायला सांगते. काही सेकंदांत लाल द्रावण निळं-जांभळं होतं आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काळा गाळ बसलेला दिसतो. सायट्रेटच्या ऋणभारामुळे कण एकमेकांपासून लांब होते. मिठाच्या आयनांनी तो भार झाकला आणि कण एकत्र आले. सोनं तेवढंच आहे, पण नॅनोकण उरलेले नाहीत. रक्तात मीठ आहे, बोअरवेलच्या पाण्यात क्षार आहेत, मातीच्या द्रावणात कॅल्शियम आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सहा महिने टिकलेला कण यांतल्या एकाही ठिकाणी सहा मिनिटं टिकेलच असं नाही.

औषधापासून सुरुवात करते, कारण तिथे हे गणित सगळ्यात नीट सोडवलं गेलंय. गावच्या आरोग्य केंद्रात गरोदर बाईचं हिमोग्लोबिन फार कमी आलं की सलाइनमधून आयर्न सुक्रोज देतात. ती गडद तपकिरी अँप्युल म्हणजे नॅनोऔषध आहे: लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचा काही नॅनोमीटरचा गाभा आणि त्याभोवती साखरेचं आवरण. लोहाचा साधा क्षार तेवढ्या मात्रेत शिरेतून दिला तर मुक्त लोह शरीरावर उलटेल. आवरणामुळे ते सावकाश सुटतं. हे औषध नॉर्मल सलाइनमध्येच मिसळायचं आणि ठरलेल्यापेक्षा जास्त पातळ करायचं नाही, अशी सक्त सूचना असते, कारण तसं केलं तर कणच अस्थिर होतो. पॅरिसमधल्या एका डायलिसिस केंद्रात रुग्णांना मूळ आयर्न सुक्रोजवरून त्याच्या नकलेवर नेलं, तेव्हा हिमोग्लोबिन घसरलं आणि लोहाची मात्रा वाढवावी लागली. ते निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. कागदावर दोन्हींतलं रसायन एकच होतं. फरक होता तो कण कसा बांधला यात.

२०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) साथीत लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी लोक जिल्ह्या-जिल्ह्यांतून धावत होते, ते तुम्हाला आठवत असेल. ॲम्फोटेरिसिन हे जुनं औषध. बुरशी मारतं, पण मूत्रपिंडालाही मारतं. तेच मेदाच्या शंभर नॅनोमीटरहून लहान गोळीत बसवलं की मूत्रपिंडावरचा घाव बराच कमी होतो आणि मोठी मात्रा देता येते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने यावर फार आधीपासून काम केलं होतं. तेव्हा ‘आपल्याकडे कामाचं काही होत नाही’ हे खरं नाही. ते संशोधन औषधशास्त्राच्या विभागात, रुग्णांच्या खाटांजवळ झालं, म्हणून नॅनोच्या परिषदांत त्याचं नाव कमी ऐकू येतं.

अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळालेलं डॉक्सिल हे कर्करोगावरचं पहिलं नावाजलेलं नॅनोऔषध. त्यातलं डॉक्सोरुबिसिन हृदयाला अपाय करतं. लायपोसोममध्ये, म्हणजे तशाच मेदाच्या गोळीत, घातल्यावर तो अपाय घटला. मात्र तळहात-तळपायांची कातडी सोलवटण्याचा नवाच त्रास पुढे आला, कारण कण जास्त वेळ फिरत राहिला आणि कातडीपर्यंत पोचला. डॉक्सिलचा मोठा फायदा रुग्णाला औषध सोसणं सोपं झालं, हा आहे. गाठ जादूने विरघळली, असं काही घडलं नाही.

गाठीपर्यंत किती कण पोचतात, याचा हिशोब टोरांटो विद्यापीठातल्या एका गटाने २०१६ साली मांडला. आधीच्या दहा वर्षांतले उंदरांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले तर टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्या भागाचा मध्यक निघाला ०.७ टक्के. बाकीचा बहुतेक माल यकृत आणि प्लीहेत अडकतो. साधारण सहा नॅनोमीटरच्या खालचा कण मूत्रपिंडातून गाळला जाऊन बाहेर पडतो, फार मोठा कण प्लीहा पकडते, मधल्याला यकृतातल्या कुप्फर पेशी गिळतात. हा आकडा पाहून बरेच जण निराश झाले. मला तो या विषयातला सगळ्यात उपयोगी आकडा वाटतो, कारण त्याने प्रश्नाला नेमकी जागा दिली.

कण रक्तात पडल्या क्षणी त्यावर प्रथिनांचा थर बसतो. त्याला प्रोटीन कोरोना म्हणतात. तुम्ही पृष्ठभागावर कितीही सुंदर रेणू बसवा, पेशीला दिसतो तो हा थर. बरीच वर्षं सगळे जण तो थर टाळायच्या मागे होते. मग २०१८ साली पॅटिसिरॅन हे औषध आलं. त्याच्या मेदकणांवर रक्तातलं ॲपोलायपोप्रोटीन-ई हे प्रथिन चढतं आणि यकृताची पेशी त्याला आपला नेहमीचा माल समजून आत घेते. आजार यकृतात तयार होणाऱ्या प्रथिनाचा, म्हणजे औषध हवं तिथेच जातं. जो थर अडचण वाटत होता, त्याच्याच खांद्यावर बसून औषध पोचलं. कोविडच्या एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू) लशींतले मेदकण याच घराण्यातले: त्यातला मुख्य मेद रक्ताच्या सामूला (पीएचला) जवळपास भाररहित असतो, पेशीतल्या आम्ल पिशवीत गेला की धनभारित होतो आणि पिशवी फोडून एमआरएनए बाहेर सोडतो. पुण्यातल्या जेनोव्हाने एमआरएनए लस साध्या फ्रीजच्या, म्हणजे दोन ते आठ अंशांच्या तापमानाला टिकेल अशी बनवली. तिला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. आपल्यासारख्या देशात एमआरएनए टिकवणं ही मोठीच गोष्ट, कारण उणे सत्तर अंशांचा फ्रीझर तालुक्याला कुठून आणायचा?

आता वडिलांच्या गव्हाकडे येते. बाटलीवरचे आकडे घेऊन त्यांच्यासमोर बसा आणि गुणाकार करा. २०२१ साली बाजारात आलेल्या नॅनो युरियात नत्र चार टक्के होतं. पाचशे मिलीच्या बाटलीत जेमतेम २० ग्रॅम नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो. बाटली एका गोणीची जागा घेते असं सांगितलं गेलं. म्हणजे हजारातल्या एका भागाने हजार भागांचं काम करायचं. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे, एकरी साधारण ४८ किलो. एकरात पंधरा क्विंटल गहू झाला तर नुसत्या दाण्यातून पंचवीस ते तीस किलो नत्र शेताबाहेर जातं. बाटलीतला कणन् कण पानात शिरला असं धरलं तरी २० ग्रॅम त्यात कुठे दिसणार? पुढे जास्त नत्राची, २० टक्क्यांची आवृत्ती आली. तिचा हिशोब केला तरी १०० ग्रॅम होतात.

यावर एक उत्तर दिलं जातं: नॅनो युरिया नत्र पुरवण्यापेक्षा झाडातल्या यंत्रणा जाग्या करतो. तसं असेल तर ते उत्तेजक आहे, खत नव्हे. मग ते उत्तेजक म्हणून सिद्ध करायला हवं आणि गोणी कमी करा, असं सांगता येत नाही. रसायनाच्या बाजूनेही मला एक शंका सुरुवातीपासून आहे. युरिया पाण्यात लिटरला किलोभर विरघळतो. पाण्यात युरियाचा कण राहायचा तर त्याला पक्कं आवरण किंवा वाहक हवा, नाहीतर बाटलीत युरियाचे सुटे रेणूच असणार. आणि तो रेणू एरवीही पानात सहज शिरतो. आपले शेतकरी दोन टक्के युरियाची फवारणी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. दोनशे लिटर पाण्यात चार किलो युरिया, म्हणजे एकरी १.८४ किलो नत्र, बाटलीच्या नव्वद पट.

पंजाब कृषी विद्यापीठाने २०२०-२१ आणि २०२१-२२ अशा दोन वर्षांत शेतावर चाचणी घेतली. शिफारशीच्या युरियाचा काही भाग काढून त्याजागी नॅनो युरिया फवारला तेव्हा भाताचं उत्पादन १३ टक्के आणि गव्हाचं २१.६ टक्के घटलं, दाण्यातलं प्रथिनही कमी झालं. काही ठिकाणी निम्मा युरिया कमी करूनही उत्पादन टिकल्याचे अहवाल आहेत. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. त्या चाचण्यांत तुलनेसाठी शेताचा एक पट्टा असा असायला हवा होता: निम्मा युरिया आणि फवारणीत नुसतं पाणी. वर्षानुवर्षं भरपूर खत खाल्लेल्या जमिनीत एखाद्या हंगामात निम्म्या युरियावरही पीक येतं. तो पट्टा नसेल तर श्रेय बाटलीचं की जमिनीतल्या शिलकीचं, हे कोणालाच ठरवता येणार नाही. तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक प्रयोगाला हाच निकष लावा.

एवढ्यावरून शेतीत नॅनो निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नका. ज्या पदार्थाची गरजच ग्रॅममध्ये असते तिथे गणित एकदम बदलतं. जस्ताचं उदाहरण घ्या. पिकाला ते हेक्टरी काहीशे ग्रॅमच लागतं. महाराष्ट्रात मोठ्या पट्ट्यात जमिनीला जस्त कमी पडतं, आणि चुनखडीच्या, वाढीव सामूच्या काळ्या जमिनीत टाकलेलं झिंक सल्फेट लवकर अडकून बसतं. तिथे बियाण्यावर झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांचा लेप किंवा पानावर फवारणी, यात विचार करण्यासारखं खूप आहे. तुलना मात्र झिंक सल्फेटशी आणि साध्या, जाड झिंक ऑक्साइडशी व्हायला हवी. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने हेक्झानल हा वनस्पतीतच सापडणारा रेणू नॅनो-इमल्शनमध्ये (पाण्यातल्या तेलाच्या अतिबारीक थेंबांत) घालून आंब्याचा टिकाऊपणा वाढवण्यावर काम केलं. फळाचं पेशीपटल मोडणाऱ्या एका एन्झाइमला हेक्झानल आवर घालतो. मुंबईत माटुंग्याच्या सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसाच्या लिंटरपासून, म्हणजे सरकीवरच्या आखूड तंतूंपासून, नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक कारखाना उभा आहे. ही कामं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाहीत. तुमच्यासारख्या मुलीने जाऊन बघावीत अशी आहेत.

पाण्यात दोन वाटा आहेत: कण मोकळा सोडायचा की बांधून ठेवायचा. पहिली वाट म्हणजे शून्य-संयुजी, म्हणजे धातुरूपातल्या, लोहाचे नॅनोकण. ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रावकं जमिनीत मुरून भूजल नासतं, तिथे हे कण पंपाने जमिनीत सोडायचे. लोह स्वतः गंजतं आणि द्रावकातलं क्लोरीन तोडतं. लेहाय विद्यापीठाच्या वेइ-शियान झांग यांच्या गटाने न्यू जर्सीतल्या एका औद्योगिक जागेवर हे करून दाखवलं, २००१ साली ते प्रसिद्ध झालं. रसायन उत्तम चालतं. अडचण प्रवासाची आहे. लोहाचे कण चुंबकीय ओढीने गोळा होतात, वाळूच्या कणांना चिकटतात आणि टोचलेल्या विहिरीपासून बहुधा काही मीटरच्या पुढे जात नाहीत. शिवाय वाटेतल्या पाण्याशी आणि ऑक्सिजनशी लढण्यातच त्यांचा बराच दम संपतो. म्हणून गेली वीस वर्षं बरंचसं संशोधन लोहावर नसून त्याच्या आवरणावर चाललं आहे.

दुसरी वाट आपल्या देशात जास्त फळली. आयआयटी मद्रासचे टी. प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे नॅनोकण कायटोसॅनच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) जाळ्यात बसवून वाळूसारखे दाणे केले, तेही साध्या तापमानाला, पाण्यातच. तेच पुढे ‘अमृत’ या नावाने आर्सेनिक काढण्यासाठी बंगालच्या आर्सेनिकग्रस्त भागात पोचलं. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, आणि तिथल्या विहिरींत त्याच्या कितीतरी पट असतं. यातला मला भावणारा भाग म्हणजे कण कुठेही जात नाही. पाणी त्याच्याकडे येतं, आर्सेनिक ठेवून पुढे जातं. कण सुटून घशात जाईल का, ही भीती डिझाइनमध्येच मिटवली. टाटा स्वच्छ हा २००९चा फिल्टरही याच विचाराचा: भाताच्या तुसाच्या राखेवर बसवलेली चांदी, आणि त्यामागे पुण्यातल्या टाटा संशोधन केंद्रात झालेलं काम. वीज लागत नाही, नळाचा दाब लागत नाही.

आपल्याकडे आर्सेनिकपेक्षा फ्लोराइडचा त्रास मोठा आहे; यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमध्ये पिवळे पडलेले दात आणि वाकलेली हाडं असलेली गावं आहेत. इथे एक गोष्ट तपशिलाने सांगते, कारण नव्या संशोधकांचे प्रबंध इथेच अडतात. पेपरमध्ये लिहिलेलं असतं, ‘शोषणक्षमता ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम’. मूळ प्रयोग उघडून बघा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराइड, सुरुवातीची तीव्रता लिटरला शंभर मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, सामू पाच. गावातल्या बोअरमध्ये फ्लोराइड असतं तीन-चार-पाच मिलिग्रॅम, सामू आठाच्या आसपास, आणि सोबत फ्लोराइडच्या शंभरपट बायकार्बोनेट, शिवाय सिलिका. हे सगळे त्याच पृष्ठभागासाठी भांडतात. पाचच्या सामूला धनभारित असलेला पृष्ठभाग आठला तो भार घालवून बसतो. प्रयोगशाळेत शंभर असलेली क्षमता बोअरच्या पाण्यात दहावर, कधी त्याहूनही खाली येते. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी कॅन घेऊन गावात पाठवते. पहिला प्रयोग त्याच पाण्यात करायचा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नंतर. आणि फिल्टर भरल्यावर तो गाळ कुठे टाकायचा, त्यातून फ्लोराइड किंवा ॲल्युमिनियम परत सुटतं का, याचं मोजमाप प्रबंधात हवंच. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत फ्लोराइडवर कित्येक दशकांचं काम साठलेलं आहे. विषय पाण्याचा घेतलात तर आधी तिथल्या लोकांशी बोला.

रंगीत सांडपाण्याचंही तसंच. प्रकाशात रंग तोडणारा टायटॅनियम डायऑक्साइड आणि मिथिलीन ब्लू हा निळा रंग, ही जोडी हजारो पेपरांत आहे. हा ऑक्साइड अतिनील प्रकाशच घेतो, आणि तो सूर्यप्रकाशात चार-पाच टक्केच असतो. मिथिलीन ब्लू स्वतःच प्रकाश शोषून ऑक्साइडला इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे रंग गेला तरी श्रेय कोणाचं हे सांगता येत नाही. इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मीठ असतं, स्टार्च असतं, डिटर्जंट असतो. ते पाणी बीकरमध्ये घेऊन, रंगाबरोबर एकूण सेंद्रिय कार्बन मोजून दाखवलं तर तुमचे निष्कर्ष त्या गर्दीत वेगळे उठून दिसतील.

आता सुचवलेल्या विषयाबद्दल. वनस्पतींच्या अर्कातून कण बनवण्याचं काम पुण्यातच जोमाने झालं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने बुरशीपासून चांदीचे कण, गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी पत्रे बनवले. ते त्रिकोणांचं काम २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आलं. तेव्हा ते नवं होतं, कारण प्रश्न नवा होता: सजीवातला कोणता रेणू स्फटिकाला असा आकार देतो? त्यानंतर कडुनिंब, तुळस, शेवगा, कोरफड, हातात येईल त्या पानाने चांदीचे कण बनवले गेले आणि तो प्रश्न मागे पडला. पान कोणत्या महिन्यात तोडलं, अर्कात काय किती होतं, हे न मोजल्यामुळे एकाचे कण दुसऱ्याला बनवता येत नाहीत. अर्क ‘हरित’, पण त्यात सिल्व्हर नायट्रेट ओतलेलं असतं, हे विसरलं जातं.

शेवटी पेट्री डिशमध्ये जिवाणू न वाढलेलं वर्तुळ दाखवून ‘औषधी उपयोग’ सिद्ध केला जातो. आगरमधून, म्हणजे डिशमधल्या जेलीतून, कण फारसा सरकत नाही, सरकतो तो चांदीचा आयन. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात २०१२ साली हवाविरहित वातावरणात, म्हणजे कणातून आयन सुटणारच नाही अशा स्थितीत, चांदीच्या कणांनी ई. कोलाय जिवाणू मारून पाहिले, तर ते मेले नाहीत. चांदीचं औषधपण आयनात आहे. तुमच्या प्रयोगात तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट, कण काढून घेतलेलं वरचं पाणी, आणि नुसता अर्क असे तीन कंट्रोल (तुलनेचे प्रयोग) नसतील तर ते वर्तुळ काहीच सांगत नाही. आणि जो आयन जिवाणू मारतो तो मातीतल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतो. शेतासाठी तोच कण सुचवताना हे आठवायला हवं.

गाइडशी भांडू नका. त्यांना म्हणा, सर, अर्कापासूनच कण करू, पण उपयोग एकच धरू, आणि पहिल्या वर्षी त्या एका माध्यमात कणाचं काय होतं तेवढंच पाहू. त्यांना सरळ विचारा: डीएलएस (द्रावणातल्या कणांचा आकार मोजणारं यंत्र) आणि झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरच्या भाराचं मोजमाप) विभागात हवं तेव्हा मिळतं का, की महिनाभर रांग आहे? धातू मोजायला आयसीपी कुठे आहे? जीवशास्त्राचा किंवा मृदाशास्त्राचा सहमार्गदर्शक मिळेल का? टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) एका चित्रात दिसतात ते ग्रिडवर वाळवलेले पाच-पन्नास कण, तेही निवडून घेतलेले. कण द्रावणात कसे आहेत ते डीएलएस सांगतं, आणि टाकलेला धातू शेवटी कुठे किती गेला ते आयसीपी. ही दोन यंत्रं हाताशी नसतील तर विषय कितीही आकर्षक असला तरी पाच वर्षं चाचपडण्यात जातील. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली नॅनोऔषधांसाठी आणि २०२० साली शेतीतल्या नॅनो उत्पादनांसाठी मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सिनॉप्सिस लिहिण्याआधी त्या वाचा. उत्पादनाला परवानगी मिळण्यासाठी काय काय मोजून दाखवावं लागतं याची यादी त्यात आहे, आणि त्यातला प्रत्येक मुद्दा म्हणजे एक प्रयोग आहे.

मी तुमच्या जागी असते तर पाणी किंवा जस्त घेतलं असतं. औषधाला प्राण्यांवरच्या प्रयोगांची सोय, एथिक्स कमिटी, फार्माकॉलॉजीचा जोडीदार लागतो. ते सगळं असेल तर जरूर जा, नसेल तर पेशींवरच्या एका चाचणीपाशी गाडी अडते. पाणी तुमच्या गावात आहे आणि जमीन घरची आहे.

वडिलांसाठी पुढच्या रब्बीला एवढं करा. शेणखत आणि पेरणीचा डोस सगळीकडे सारखा ठेवा. एकाच जमिनीत, एकाच पाण्यावर चार पट्टे आखा. पहिल्याला नेहमीचा पूर्ण युरिया. दुसऱ्याला वरखताचा निम्मा युरिया आणि फवारणीत नुसतं पाणी. तिसऱ्याला तेवढाच निम्मा युरिया आणि बाटलीतला नॅनो युरिया लेबलवरच्या प्रमाणात. चौथ्याला निम्मा युरिया आणि साध्या युरियाची दोन टक्के फवारणी, ऊन उतरल्यावर. जागा असेल तर प्रत्येक पट्टा तीन ठिकाणी, क्रम बदलून. मळणी वेगवेगळी करा, पोत्यांवर खडूने क्रमांक टाका, दाण्यातला ओलावा पाहून वजन घ्या आणि प्रत्येक पट्ट्यातला किलोभर गहू प्रथिनाच्या तपासणीला कृषी विद्यापीठात पाठवा.